चुलीची श्रेणी कोणती? : मुंबई वारसा जतन समितीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
मुंबई वारसा जतन समिती,
बृहन्मुंबई महानगरपालिका.

विषय : शहरातली जुनी उपाहारगृहं, इराणी हॉटेलं आणि खाणावळी यांची स्वतंत्र नोंद करण्याबाबत.

सादर नमस्कार,

मी वास्तुविशारद नाही आणि इतिहास शाळेत शिकवला तेवढाच शिकलो. गिरगावात चाळीत वाढलो, फोर्टात सदतीस वर्षं कारकुनी केली आणि निवृत्त झाल्यावर डोंबिवलीला फ्लॅट घेतला. अजूनही महिन्यातून दोनदा गर्दी ओसरल्यावरची गाडी पकडून टाउनात येतो. घरी सांगतो, बँकेचं काम आहे. काम खाण्याचं असतं, आणि घरच्यांना ते माहीत आहे हे मलाही माहीत आहे. तेव्हा या पत्रात कुठे सूर चढला, तर तो भुकेल्या माणसाचा समजून घ्यावा.

मागच्या फेरीत धोबीतलावला 'कयानी'त बसलो होतो. 1904 सालचं दुकान. समोर मेट्रो थिएटर, ते 1938 चं, म्हणजे कयानीपेक्षा चौतीस वर्षांनी धाकटं. शेजारच्या टेबलावर कॉलेजची दोन मुलं. एक दुसऱ्याला सांगत होता, "अरे, हे हेरिटेज आहे." दुसऱ्यानं मान वर करून छताकडे पाहिलं. वेटरनं तेवढ्यात त्यांच्यापुढे खिमा-पाव आपटला आणि विषय मिटला. माझ्या डोक्यातून मात्र गेला नाही. हेरिटेज म्हणजे नेमकं काय? छत, की खिमा?

घरी येऊन आपली नियमावली वाचली. मुंबईची वारसा नियमावली 1995 ची, देशातली अशी पहिली. मुंबईकर म्हणून मला तिचा अभिमान वाटतो. तिच्यामुळे फोर्टातल्या कितीतरी कमानी आणि कठडे आज उभे आहेत. तिच्यात जुन्या इमारतींच्या श्रेणी लावल्या आहेत : 1, 2-अ, 2-ब आणि 3. पहिल्या श्रेणीत आतबाहेर हात लावायचा नाही. दुसरीत बाहेरून जपायचं, आतले बदल बहुतेक चालतात. तिसरीत आतबाहेर दोन्हीकडे बरीच मोकळीक. शिवाय एक शब्द पुन्हा पुन्हा येतो : अनुकूल पुनर्वापर. इमारत जुनी, वापर नवा. गोदामाचं कलादालन होतं, बंगल्याचं कपड्यांचं दालन होतं, आणि आपण त्याला उत्तेजनच देता.

मला हा शब्द खटकला. उद्या एखाद्या श्रेणीबद्ध इमारतीतलं शंभर वर्षांचं उपाहारगृह उठलं, तिथे चष्म्यांचं चकचकीत दुकान आलं, आणि त्या दुकानदारानं कमान, महिरप, लाकडी चौकट जशीच्या तशी ठेवली, तर आपल्या कागदावर वारसा सुखरूप. रंग कोणता लावायचा आणि पाटी किती मोठी हवी हे आपण त्याला विचाराल. आतली भट्टी का विझली, हे विचारायला आपल्या अर्जात रकानाच नाही.

एवढंच माझं म्हणणं आहे. पुढची पानं म्हणजे त्याचा तपशील.

मुंबईतलं सगळ्यात जुनं हॉटेल कोणतं, हा प्रश्न कुठल्याही नाक्यावर टाकून पाहावा, अर्धा तास मजेत जातो. बोरीबंदरसमोरच्या गल्लीतला पंचम पुरीवाला सांगतो, आम्ही स्टेशनच्याही आधीचे. स्टेशनची इमारत 1887 साली पुरी झाली, त्याआधी तिथे पुऱ्या तळल्या जात होत्या असा त्यांचा दावा आहे. कुलाब्याचं लिओपोल्ड 1871 सांगतं. ससानियन 1913, ग्रँट रोड स्टेशनबाहेरचं मेरवान 1914, बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया 1923. दादरला मामा काण्यांनी 1910 मध्ये उपाहारगृह काढलं आणि नावातच 'स्वच्छ' हा शब्द घातला. त्यावरून आजूबाजूला काय परिस्थिती असेल ते समजावं. ठाकुरद्वारचं विनय हेल्थ होम 1940 चं, म्हणजे या मंडळींत पोरच. पुणेकर लगेच कॅम्पातल्या दोराबजींचं 1878 पुढे करतील, मग डेक्कनवरचं 1935 चं गुडलक काढतील. त्यांना करू द्यावं. त्यांच्याशी वाद घालायला मी बसलेलो नाही, आणि बसलो तरी जिंकणार नाही.

पण यातलं कुठलं साल कागदावर सिद्ध आहे? बहुतेक सालं पाटीवर रंगवलेली आहेत आणि पाटी मालकानंच रंगवलेली आहे. गुमास्ता परवाना, म्हणजे दुकानाच्या नोंदणीचा कागद बघावा, तर तो मुळात 1948 च्या कायद्याचा. त्याआधीचं वय त्यावर कळायचं नाही. खाद्यगृहाचे परवाने महापालिका देत आली आहे, म्हणजे जुनी नोंद असलीच तर ती आपल्याच कुठल्या तरी वॉर्डातल्या बासनात आहे. भाडेपावत्या आहेत. 1943 साली मुंबईत रेशनिंग आलं तेव्हा उपाहारगृहांनाही धान्य-साखर परवान्यावर घ्यावी लागे, त्या वेळचे कागद काही घरांतून अजून निघतील. कोणी तरी मागायला हवेत. आपल्यासारख्या समितीनं मागितले तर मालक कपाट उघडतील. माझ्यासारख्यानं मागितले तर चहा पाजून वाटेला लावतील. (एकदा लावलं आहे. चहा उत्तम होता.)

आता या जागा नुसत्या जुन्या आहेत म्हणून जपा असं मी म्हणत असेन, तर आपण हे पत्र फाइलला लावून मोकळं व्हावं. जुनेपणाला मुंबईत तोटा नाही, माझ्या चाळीतला जिनाही जुना होता आणि तो पडला तेव्हा कुणी रडलं नाही. या जागांची गोष्ट वेगळी आहे, कारण हे शहर कुणाचं आणि कसं झालं ते त्यांच्या टेबलांवर लिहिलेलं आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला याझ्द आणि केरमानकडून झरतुष्ट्री इराणी मुंबईत उतरले. पारशी आधीच इथे होते आणि सुस्थितीत होते. हे नवे लोक गरीब. त्यांनी चहा विकायला घेतला. त्यांना जागा मिळाल्या कोपऱ्यावरच्या. असं सांगतात की इथल्या व्यापाऱ्यांना कोपऱ्यावरचं दुकान अशुभ वाटे, म्हणून ते स्वस्तात मिळायचं. कारण काहीही असो, कोपरा त्यांना फळला. दोन्ही रस्त्यांवर उघडी दारं, दोन्हींकडचं गिऱ्हाईक, दोन्हींकडचा वारा. संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, गल्ल्यावर मालक आणि त्याच्यामागे बिस्किटांच्या बरण्या.

गिरगाव-दादरला 'ब्राह्मणांचे उपाहारगृह' अशा पाट्या अभिमानानं लागायच्या तो हा काळ. इराण्याच्या दारावर निदान तशी पाटी नसे. पैसे टाकावेत, बसावं, चहा मागवावा. गोदीतला हमाल आणि हायकोर्टातला वकील एकमेकांकडे बघणार नाहीत, पण बसणार शेजारच्या टेबलांवर. ज्या जेर महालाच्या तळाशी कयानी आहे, त्याच इमारतीत वर गोव्यातल्या गावांचे क्लब आहेत. आपण त्यांना कूड म्हणून ओळखत असाल. बोटीवर नोकरी शोधायला आलेला गोवेकर वर पथारी टाकायचा आणि खाली चहा प्यायचा. आता सांगा, त्या इमारतीची दर्शनी भिंत तेवढी ठेवली आणि खालचा चहा नि वरची पथारी दोन्ही गेली, तर राहिलं काय?

दुसऱ्या टोकाला माटुंगा. तिथे दक्षिणेकडून आलेल्या नोकरदारांसाठी उडुपी मंडळींनी जेवणाची सोय केली. स्टेशनलगतचं रामा नायकांचं बोर्डिंग 1942 चं, कॅफे मद्रास 1940 चं, रामाश्रय 1939 चं. महायुद्धाच्या ऐन धामधुमीत ही माणसं इडलीची भांडी चढवत होती. आणि गिरणगावात खाणावळी. घाटावरून आणि कोकणातून एकटा आलेला कामगार दहा जणांत एक खोली घेऊन राहायचा आणि महिन्याच्या बोलीनं एखाद्या बाईकडे जेवायचा. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांना धरून. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, पुढे गिरण्या गेल्या आणि गिरण्यांबरोबर त्या खाणावळी. गिरण्यांच्या चिमण्या वाचवायच्या का यावर आपल्याकडे चर्चा झाल्या. त्या चिमणीखाली राबणाऱ्याला भाकरी कोण घालत होतं, त्या घराचा पत्ता आज कुठल्याच यादीत नाही.

कुणी म्हणेल, या जागा तरी कुठे जशाच्या तशा आहेत? बदलतच आल्या. खरं आहे. ब्रिटानियाचा बेरी पुलाव हे उत्तम उदाहरण. लोक तो 1923 पासूनचा समजून खातात. तो बोमन कोहिनूर यांच्या पत्नीनं इराणहून आल्यावर सुरू केला, 1982 च्या सुमारास. म्हणजे ज्या वर्षी गिरण्यांचा भोंगा थांबला त्याच सुमाराला. बोमनशेठ 2019 मध्ये 97 व्या वर्षी गेले, तोवर टेबलाटेबलाशी येऊन गिऱ्हाइकाची चौकशी करत असत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पुलाव मागवला आणि अर्ध्यावर थांबलो, तर म्हातारा माझ्या ताटाकडे अशा नजरेनं बघत उभा राहिला की मी शीत न् शीत संपवलं. सांगायचं असं, की चूल पेटती असेल तरच तिच्यावर नवं काही शिजतं. चष्म्याच्या दुकानात बेरी पुलावाचा शोध लागणार नाही.

आता माझ्या स्वतःच्या गल्लीतली एक गोष्ट सांगतो. नावं मुद्दाम देत नाही. त्या कुटुंबाला आता त्याचा काही उपयोग नाही.

आमच्या गिरगावच्या गल्लीत एक मालवणी खाणावळ होती. आठ टेबलं. दाराशी काळा फळा, त्यावर खडूनं त्या दिवशीचे मासे लिहिलेले : सुरमई, बांगडा, मांदेली, तिसऱ्या. एखादा मासा संपला की मालक गल्ल्यावरून उठायचा, अंगठा पाण्यात बुडवायचा आणि फळ्यावरचं ते नाव पुसायचा. डस्टर होतं, पण ते वापरताना मी त्याला कधी बघितलं नाही. त्यामुळे दुपारी दोनच्या सुमारास फळ्यावर नावांऐवजी ओल्या अंगठ्याचे चार-पाच फरांटे असायचे, आणि आम्ही दारातूनच ओळखायचो की आज आमटी-भातावर भागवायचं. आत चुलीशी त्याची बायको. तिचा तवा मी जवळून पाहिला आहे. मधोमध खोलगट झालेला, कडेला राखाडी, आणि त्याच्यावर सुरमईचा तुकडा ठेवला की पहिली काही सेकंदं आवाजच यायचा नाही, मग एकदम सगळीकडून चर्र. ती तुकडा एकदाच उलटायची. दुसऱ्यांदा कालथा लावणाऱ्या नव्या पोराला तिनं सगळ्यांदेखत झापलेलं मी ऐकलं आहे.

इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी सरकारला उपकर भरणारी जुनी इमारत. दुरुस्ती मंडळाच्या टेकूंवर कितीतरी वर्षं उभी. मग पुनर्विकास आला. भाडेकरूंच्या संमत्या झाल्या, खाणावळवाल्यानंही सही केली. का नाही करणार? वर राहणाऱ्यांच्या डोक्यावर छत पडायची वेळ आली होती. त्याला नियमाप्रमाणे जेवढी जागा होती तेवढी नव्या इमारतीत मिळाली. चौरस फुटांत एका इंचाचीही फसवणूक झाली नाही, हे मी मुद्दाम नमूद करतो. फक्त ती जागा मागे गेली. पुढे गाड्यांचा उतार आला. रस्त्यावरून फळा दिसेना. धुरांडं वरपर्यंत न्यायला वरच्या मजल्यांची ना, कारण नव्या रहिवाशांना माशांचा वास नको. मोरी पूर्वी मागच्या चौकात होती, आता चौकच नव्हता. सात-आठ महिने त्यांनी विजेच्या शेगडीवर रेटलं. तो खोलगट तवा त्या शेगडीवर बसेना. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात.

यात दोष कुणाचा ते मला अजूनही धड सांगता येत नाही. प्रत्येकानं आपापला नियम पाळला.

तरी नियमांकडे एकदा बघायला हवं. भाडे कायद्यानं 1947 पासून भाडी गोठवली आणि ती 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला. 1999 च्या कायद्यानं वर्षाला चार टक्के वाढ दिली, पण ती त्याच चिमूटभर भाड्यावर. शंभर रुपये भाड्यावरचे चार टक्के घेऊन घरमालकानं गच्ची गळकी ठेवली तर मी त्याला खलनायक म्हणणार नाही. जुन्या हॉटेलांविषयी लिहिणारे आम्ही लोक घरमालकाला नेहमी खलनायक करतो, ते सोपं असतं. खरं तर ही हॉटेलं इतकी वर्षं टिकली ती त्या घरमालकाच्या खर्चानं टिकली. पगडी आणि गोठलेलं भाडं नसतं तर फोर्टात एका चहाच्या किमतीत तासभर पेपर वाचत बसायला कुठल्या हॉटेलवाल्याला परवडलं असतं?

त्याच कायद्यात दुसरी गंमत आहे. धंद्याच्या जागेचा भाडेकरू वारला, तर हक्क जातो त्याच्या कुटुंबातल्या, त्याच्याबरोबर धंद्यात असलेल्या माणसाकडे. कायदा आपल्या जागी बरोबर असेल. पण इराण्याची नातवंडं कॅनडात आहेत, आणि काण्या-खाडिलकरांची पुण्या-बंगळुरूला संगणकात. पस्तीस वर्षं भट्टीशी उभा राहिलेला आचारी, ज्याला मापं तोंडपाठ आहेत, तो कायद्यापुढे कुणीच नाही. मालकानं डोळे मिटले की त्या जागेचा वारस असतो, त्या पाककृतीचा नसतो. हॉटेल चालत नाही म्हणून बंद पडलं असं आपण म्हणतो. मी पाहिलेली निम्म्याहून अधिक दुकानं धोधो चालत असताना बंद झाली.

मेरवानचं आठवतं? 2014 च्या मार्चमध्ये बातमी आली की शंभराव्या वर्षी दुकान बंद होणार. ग्रँट रोडला रांगा लागल्या. मीही गेलो, लाज वाटली तरी गेलो, कारण त्याआधी चार वर्षं फिरकलो नव्हतो. मावा केक मिळाला. कागदाच्या वाटीतला, वरून तांबूस, खालच्या कागदाला तुपाचा डाग पडलेला. माझ्या पुढच्या बाईनं तीन डझन घेतले आणि दुकानाबाहेर येऊन रडली. पुढे काही दिवसांनी दुकान पुन्हा उघडलं. केक तोच होता, वेळ तीच, उशिरा गेलं की तोच रिकामा ट्रे. शहराला या जागा हव्या आहेत हे त्या रांगेनं सांगितलं. ते ऐकून पुढे काही करायचं, ही जबाबदारी मात्र कुणाच्याच टेबलावर नव्हती. कयानीच्या समोरचं बस्तानी, खोताच्या वाडीजवळचं अनंताश्रम, जहांगीर कलादालनातलं समोवार, त्यांच्या वेळीही नव्हती. समोवार 2015 च्या मार्चअखेरीस बंद झालं तेव्हा वर्तमानपत्रांनी पानंच्या पानं लिहिली. मृत्युलेख लिहिण्यात आपण मराठी माणसं पटाईत आहोत.

आता धुराचा प्रश्न. 2025 च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयानं लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर नेण्याचा आदेश दिला. मला दम्याचा त्रास आहे, त्यामुळे या आदेशाविरुद्ध मी एक अक्षर लिहिणार नाही. भंगारातलं रंगवलेलं फर्निचर भट्टीत घालून शेकलेला पाव मलाही नको. पण ब्रून पाव ज्या भट्टीत होतो तिचं काम जाड विटांनी धरून ठेवलेल्या उष्णतेवर चालतं. बाहेरून कडक, आतून मऊ असा तो पाव पत्र्याच्या नव्या ओव्हनमध्ये तसाच उतरवायचा तर कुणीतरी अभियंत्यानं बसून जुनी भट्टीच गॅसवर कशी आणायची ते बघायला हवं, आणि कुणीतरी त्याचा खर्च उचलायला हवा. नोटीस सगळ्यांना सारखी जाते. काल निघालेल्या बेकरीला आणि शंभर वर्षांच्या बेकरीला एकच मसुदा, एकच मुदत. कारण कोणती बेकरी शंभर वर्षांची आहे, याची सरकारदरबारी कुठे नोंदच नाही. पुन्हा तोच रिकामा रकाना.

दुसरीकडे लोकांनी काय केलं ते थोडक्यात सांगतो. सॅन फ्रान्सिस्को शहरानं 2015 मध्ये जुन्या धंद्यांची नोंदवही सुरू केली. तीस वर्षं किंवा त्याहून जास्त चाललेला, त्या वस्तीच्या ओळखीचा भाग झालेला धंदा तिच्यात जातो. मला त्यातली आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी अनुदान ठेवलं ते धंदेवाल्याबरोबर घरमालकालाही : जुन्या धंद्याला दहा वर्षांचा करार दे आणि शहराकडून पैसे घे. घरमालकाला खलनायक न करता भागीदार केलं. सिंगापूरनं आपल्या फेरीवाल्यांच्या खाद्यसंस्कृतीला 2020 मध्ये युनेस्कोच्या यादीत बसवलं. तिथे दगडाचा प्रश्नच नव्हता, आचारी आणि टेबलं होती. आपल्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारती 2018 मध्ये जागतिक वारसा झाल्या, तेव्हा मी ओव्हल मैदानावर जाऊन उगीचच एक फेरी मारली होती. आता त्या इमारतींमध्ये बसून लोक काय खातात तिकडे वळायला हरकत नाही.

तेव्हा मागणं असं. वारसा यादीला एक पुरवणी जोडा. श्रेणी 4 म्हणा, चूल-श्रेणी म्हणा, नाव आपण ठरवा. पन्नास वर्षांहून अधिक काळ त्याच जागी, त्याच स्वरूपाचं अन्न देणारी उपाहारगृहं, बेकऱ्या, बोर्डिंगं आणि खाणावळी तिच्यात याव्यात. इमारत श्रेणीबद्ध असो वा नसो. उलट बिनश्रेणीच्या, टेकूवरच्या इमारतीतल्या खाणावळींची नोंद आधी करा, त्यांच्याकडे वेळ कमी आहे. वयाचा पुरावा म्हणून पाटी धरू नका, वॉर्डातली बासनं उघडा.

अशी नोंदलेली जागा पुनर्विकासात आली, तर आराखडा मंजूर होण्याआधी तो आपल्या समितीसमोर यावा आणि त्यात क्षेत्रफळाबरोबर तीन गोष्टी तपासाव्यात : दार रस्त्यावर उघडतं का, कोपऱ्यावरच्याला कोपरा मिळतो का, धुरांडं आणि मोरी कुठून जाते. हे तीन प्रश्न आमच्या गल्लीत वेळेवर विचारले असते तर तो फळा आज तिथे असता. विकासकाला यात फार तर दोन गाड्यांच्या जागेचं नुकसान आहे, ते त्याला चटईक्षेत्रात, म्हणजे जादा बांधकामाच्या परवानगीत, भरून द्यावं. आपण तसंही त्याला कशाकशाचं भरून देताच.

वारसाहक्काचा कायदा आपल्या हातात नाही, तो मंत्रालयाचा विषय आहे. पण नोंदलेल्या जागेत ठरावीक वर्षं काम केलेल्या आचाऱ्याला किंवा व्यवस्थापकाला, मालकाच्या आणि घरमालकाच्या संमतीनं, धंदा पुढे नेता यावा, अशी शिफारस आपण सरकारला करू शकता. घरमालकाला त्या बदल्यात वाजवी भाडं मिळावं, आणि वाजवी भाडं व जुनं भाडं यांतल्या फरकाचा काही वाटा मालमत्ता करातून वळता व्हावा. महापालिकेच्या तिजोरीला या मूठभर दुकानांनी धक्का बसणार नाही.

एक गोष्ट मात्र कृपा करून करू नका. निळ्या पाट्या आणि दिवे लावून त्यांना पर्यटनस्थळ करू नका. लिओपोल्डच्या भिंतीवर 26 नोव्हेंबर 2008 च्या गोळ्यांच्या खुणा मालकांनी जपून ठेवल्या आहेत, लोक त्यांचे फोटो काढतात. तिथे ते शोभतं. पण माटुंग्याच्या बोर्डिंगात दुपारी जेवायला आलेल्या माणसाला फोटोवाल्यांमुळे ताटकळायला लागलं, तर ते बोर्डिंग राहणार नाही. चहा महाग झाला की कोपऱ्यावरचा पेपर वाचणारा म्हातारा उठतो. तो उठला की इराणी नुसता सजावटीचा उरतो. तशी नवी, जुनी दिसणारी दुकानं मॉलमध्ये निघालीच आहेत. त्यांच्या खुर्च्या वाकवलेल्या लाकडाच्या आहेत आणि चहा दुधाळ.

आपली समिती निर्णयाआधी जागेची पाहणी करते असं ऐकतो. या पत्रावर पाहणी निघालीच तर मी सोबत येईन, रस्ता दाखवीन, बिल मी देईन (एकदाच). सकाळी सातला धोबीतलावच्या कयानीपासून सुरुवात करू. कचेरीच्या वेळेनं दहाला आलात, तर तिथली सकाळची मंडळी उठून गेलेली असतील आणि बॅलार्ड इस्टेटच्या ब्रिटानियाचं दार अजून उघडलेलं नसेल.

आपला,
एक गिरगावकर
(मुक्काम डोंबिवली)